नववीची यादी आणि घरातले इंग्रजी

आठवीपर्यंत सरकार मुलाचे बोट धरून चालते. नववीत ते बोट सुटते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले मोफत आणि सक्तीचे शिक्षण सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. शाळेतली दुपारची खिचडी आठवीपर्यंत. पुस्तकांचा मोफत संच आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये मूल तेच असते, दप्तरही बहुधा तेच असते; पण पुस्तके विकत आणावी लागतात, डबा घरून न्यावा लागतो आणि ‘हिला पुढे शिकवायचे का’ हा प्रश्न ज्या घरात आजवर कुणी काढला नव्हता, त्या घरात तो दस्तरखानावर निघतो.

आम्ही हातकणंगल्यात हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. स्वतः उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिकलो, बी.एड. केले आणि या तालुक्यातच नोकरीची वर्षे गेली. जूनच्या मध्याला शाळा उघडते. पाऊस लागलेला असतो, वऱ्हांड्यात ओल्या छत्र्यांची रांग असते, आणि नोटीस बोर्डावर नववीच्या सेमी-इंग्रजी तुकडीची यादी लागलेली असते. ही तुकडी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. गावात तिला कुणी सेमी म्हणत नाही, ‘हुशार मुलांचा वर्ग’ म्हणतात. यादीत नाव आले तर घरी पेढे, नाही आले तर मूल दोन दिवस गप्प. आम्हाला ही यादी कधीच आवडली नाही, कारण आठवीचे गुण मुलाला काय येते एवढेच सांगतात. त्याला काय येईल हे त्यात लिहिलेले नसते. पण जागा ठरावीक असतात, म्हणून यादी लागते.

आमच्या वर्गात कोण येते ते सांगायला हवे. हातकणंगले तालुका म्हणजे एका बाजूला इचलकरंजीचे यंत्रमाग, एका बाजूला हुपरीची चांदी, शिरोलीच्या एमआयडीसीतले कारखाने, आणि मधे सगळीकडे ऊस. आमच्या मुलांचे अब्बा मागावर असतात, गॅरेजमध्ये असतात, फळांचा गाडा लावतात, फौंड्रीत पाळीवर जातात. अम्मी घरी कांड्या भरतात किंवा शिलाई करतात. काही मुले पहिलीपासून मराठी शाळेतली, काही सातवी-आठवीपर्यंत उर्दू शाळेत शिकून आलेली. घरी बोलायची भाषा तिसरीच, आपली दखनी. अशा मुलापुढे नववीत इंग्रजी येते तेव्हा ती त्याची चौथी भाषा असते, हे शिक्षकांनी विसरू नये आणि आईबापांनीही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे नववीत आलेल्या मुलाने आठ वर्षे इंग्रजी वाचलेले असते. तरी पहिल्या तासाला ‘तुझ्याबद्दल पाच वाक्ये बोल’ म्हटले की माना खाली जातात. मुलांना येत नाही असे नाही. चुकलो तर हसतील, ही भीती आठ वर्षांत इंग्रजीपेक्षा जास्त पक्की झालेली असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ उघडतच नाही. पहिला गृहपाठ असा देतो : घरात जे कुणी इंग्रजी शिकलेले नाही, त्याच्या तोंडून दिवसभरात किती इंग्रजी शब्द येतात ते ऐका आणि लिहून आणा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जमेल तसे लिहा.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नूरच पालटतो. एकाची दादीजान दिवसभरात अकरा शब्द बोलली : टाइम, गॅस, लाइट, चार्जिंग, टीव्ही, बीपी, शुगर, डॉक्टर, रिपोर्ट, मिस कॉल आणि टेन्शन. मागावरच्या अब्बांची यादी सर्वांत मोठी असते. बीम, बॉबिन, शटल, कोन, काउंट, रीड, पिक, जॉबर, शिफ्ट, ओव्हरटाइम, बोनस. गॅरेजवाल्यांकडे क्लच, गिअर, प्लग, पंक्चर. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माझे अब्बा अंगठा लावतात, पण त्यांना चौतीस शब्द येतात.” वर्ग हसला, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. त्या दिवशी त्या मुलाने आपल्या अब्बांकडे नव्याने पाहिले असावे.

मग आम्ही त्याच शब्दांतले काही फळ्यावर घेतो आणि ते कुठून आले ते सांगतो. दादीच्या औषधाच्या चिठ्ठीवरचे ‘शुगर’ मूळ आपल्याच मुलखातले. संस्कृतात शर्करा, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि तिथून युरोप फिरून इंग्रजीत शुगर. ज्या तालुक्यात उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, त्या तालुक्यातल्या मुलांना हे सांगताना मजा येते. इचलकरंजीच्या मागावर जे ‘कॉटन’ विणले जाते, तो शब्द अरबी ‘कुत्न’वरून आला. मलमलीला इंग्रजीत ‘मस्लिन’ म्हणतात, ते इराकातल्या मोसुल शहराच्या नावावरून. ‘पायजमा’ तर आपलाच, फारसी-उर्दूतला. आणि नववीच्या गणितात ज्याची धास्ती असते ते ‘अल्जिब्रा’ नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मींच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून. ‘झिरो’च्या मुळाशी अरबी ‘सिफ्र’ आहे.

यात बढाई मारण्यासारखे काही नाही. शब्द कुणाच्या बापाचे नसतात, ते व्यापाऱ्यांबरोबर, मुसाफिरांबरोबर फिरतात. सांगायचे एवढेच असते की ही भाषा परक्या माणसासारखी दारात उभी नाही, ती कधीच घरात येऊन बसलेली आहे आणि आपल्याच ताटात जेवते आहे.

दुसऱ्या आठवड्यात अडचणींची पाळी येते. त्या खऱ्या आहेत. आईबापांनी त्या समजून घेतल्या तर मुलांना ‘ढ’ म्हणण्याची घाई होणार नाही.

पहिली अडचण वहीची. उर्दू शाळेतल्या मुलाची वही उजवीकडून उघडते, इंग्रजीची डावीकडून. वळण बसलेले असते, पहिले काही दिवस हात चुकीच्या बाजूला जातो. दुसरी अडचण मोठ्या अक्षराची. उर्दूतही नाही, मराठीतही नाही. वाक्याचे पहिले अक्षर आणि माणसाचे नाव मोठ्या लिपीत का लिहायचे, हे त्या मुलाला कुणी मनापासून समजावलेले नसते, नुसते लाल शाईने गोल केलेले असतात. तिसरी अडचण वाक्याची. ‘रहीमने आंबा खाल्ला’ यात क्रियापद शेवटी, उर्दूतही शेवटी. इंग्रजीत ते मधे येऊन बसते, रहीम आणि आंबा यांच्यामध्ये. शिवाय आंब्याआधी ‘अ’ लावायचा की ‘द’, हा हिशेब आपल्या एकाही भाषेत नाही. चौथी अडचण उच्चाराची. ‘स्कूल’ला इस्कूल आणि ‘स्टेशन’ला इस्टेशन म्हणणारे घर अडाणी नसते. शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजने जोडून आली की उर्दू-दखनीच्या जिभेला आधी एक स्वर टेकू म्हणून लागतो, एवढेच.

आणि एक अडचण अशी आहे की ती मुलेच सांगतात. मराठीत तू, तुम्ही आणि आपण. उर्दूत तू, तुम आणि आप. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. गेल्या वर्षी एक मुलगा आमच्याशी इंग्रजीत बोलताना ‘यू’पाशी येऊन थांबला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्हाला असे कसे म्हणू?” त्याच्या घरचा अदब त्याला अडवत होता. आम्ही सांगितले, इंग्रजीत अदब शब्दात कमी आणि आवाजात जास्त असतो. ‘प्लीज’ म्हण, ‘मे आय’ म्हण, आवाज नरम ठेव, तेच तुझे ‘आप’. त्याला ते पटले.

आता त्या यादीची गोष्ट. नाव लिहीत नाही, कारण ती मुलगी याच गावात आहे आणि हा अंक तिच्याही घरी पोहोचेल.

ती उर्दू शाळेतून आठवी करून आमच्याकडे आली होती. आठवीच्या गणितात तिला शंभरापैकी त्र्याऐंशी, इंग्रजीत एक्केचाळीस. एकूण टक्केवारी यादीच्या रेषेच्या दोन पावले खाली. नाव आले नाही. ती साध्या तुकडीत बसली आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आली. म्हणाली, तिला गणित इंग्रजीतून करून बघायचे आहे, कारण पुढे अकरावीला सायन्स घेतले तर ते इंग्रजीतच असते असे तिने ऐकले होते. बरोबरच ऐकले होते. आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो. पहिली घटक चाचणी होईपर्यंत तिला सेमीत बसू द्यावे, नाही झेपले तर परत साध्या तुकडीत, असे ठरले.

आम्हाला वाटले होते, घरचे खूश होतील. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी आली ती घाबरलेली. “मॅडम, घर में अंग्रेजी कोन बोलता? इने अकेली क्या करेगी?” आम्ही समजावत गेलो, पण त्यांची भीती इंग्रजीची नव्हतीच. थोड्या वेळाने त्यांनी खरे सांगितले. घरात चुलत्यांचे म्हणणे होते की आठवी पुष्कळ झाली. अब्बांनी हट्टाने दप्तर आणून दिले होते. साध्या तुकडीत ती आरामात पास झाली असती. पण सेमीत गेली आणि नववीत नापास झाली, तर घरात बोलणाऱ्यांना बोलायला जागा मिळेल आणि शाळा कायमची बंद होईल. “तब तुम आके रोकेंगे क्या, मॅडम?” असे त्यांनी विचारले.

या प्रश्नाला शिक्षकाकडे तयार उत्तर नसते. मुलीला पुढे ढकलणे म्हणजे चांगलेच काम, असे आपण धरून चालतो. पण तिच्या घरी एका नापासाची किंमत एक वर्ष नव्हती, पूर्ण तालीम होती. ती अम्मी मागासलेली नव्हती. उलट मुलीची शाळा वाचवण्यासाठीच ती तिला सोप्या वर्गात ठेवू पाहत होती. आम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाही. एवढेच सांगितले की चाचणी ऑगस्टमध्ये आहे, तोवर परतीचा रस्ता उघडा आहे, आणि आम्ही रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे तिला देऊ. मग मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मुसल्लस मला येतो. ट्रँगल पण येईल.”

त्या पंधरा मिनिटांत आम्ही फारसे काही ग्रेट केले नाही. एका वहीत तीन रकाने आखून दिले : उर्दू, मराठी, इंग्रजी. निस्फ कुतर, त्रिज्या, रेडियस. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. रोज पाच शब्द. तिला कल्पना आधीच येत होती, फक्त तिच्यावरची चिठ्ठी बदलायची होती. महिन्याभरात ती वही वर्गात फिरायला लागली आणि मराठी शाळेतली मुलेही उर्दूचा रकाना वाचायला मागू लागली.

चाचणीत तिला वीसपैकी गणितात सतरा मिळाले आणि इंग्रजीत नऊ. नऊ काही मोठे नाहीत, पण पास होती. ती सेमीतच राहिली आणि वर्षअखेर नववी पास झाली. आज ती दहावीत आहे. तिचे इंग्रजी अजून कच्चे आहे, निबंधात क्रियापद अजून शेवटी पळते. दहावीचे काय होईल ते मेहनत आणि अल्लाहची मर्जी. पण तिच्या चुलत्यांच्या धाकट्या मुलीचे दप्तर या जूनमध्ये कुणी न बोलता आले, एवढे आम्ही पाहिले.

आपल्या भागाला शिक्षणाची ओळख नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग निघाले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आणि याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही, पण त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात एका पंगतीला बसवले. परक्या भाषेबद्दल म्हणाल, तर हजरत झैद बिन साबित (रजि.) यांचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. पत्रव्यवहारासाठी यहुद्यांची लिपी शिकण्यास रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सांगितले आणि अर्धा महिनाही पुरता झाला नाही तोच ते शिकले, असे रिवायतीत आहे. आम्ही मुलांकडून पंधरा दिवसांची अपेक्षा करत नाही. दुसऱ्यांची भाषा शिकल्याने आपली भाषा आणि दीन सुटत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

ज्यांच्या घरात या वर्षी नववी आहे, त्यांच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत आणि इंग्रजी यावे लागत नाही.

पहिली गोष्ट, रोज दहा मिनिटे मुलाचे मोठ्याने वाचन ऐका. मगरिबनंतर, जेवणाआधी, केव्हाही. तुम्हाला अर्थ कळला नाही तरी चालेल. कुठे तो अडखळतो, कुठे आवाज खाली जातो, हे कानाला कळते. इंग्रजीच्या शंभर गुणांत वीस गुण लेखी पेपराबाहेरचे, तोंडी परीक्षा वगैरेंचे असतात. त्याची तयारी मोठ्याने वाचूनच होते.

दुसरी, उच्चाराला हसू नका आणि हसू देऊ नका. इंग्रजी शाळेतला मामेभाऊ घरी आला की त्याच्यासमोर आपल्या मुलाला ‘बोलून दाखव’ म्हणू नका. ईदच्या दिवशी अशा एका प्रसंगाने वर्षभराची हिंमत जाते.

तिसरी, नववीच्या मुलीला संध्याकाळचा एक तास द्या. भांडी, पाणी, लहान भाऊ हे सगळे तिच्याच वाट्याला आणि त्याच वेळी मोठा भाऊ मोबाइलवर, हे आपल्या किती घरांत दिसते! काम करू नये असे नाही. वाटून करावे.

चौथी गोष्ट आठवीतल्या मुलांच्या घरांसाठी, कारण नववीत ती हातून गेलेली असते. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत देता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आतल्या घरांतली मुले तिला बसू शकतात. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, मात्र पुढच्या वर्गात पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. पुस्तके, डबा, बसचा पास या नववीच्या खर्चाला हा मोठा आधार आहे. आमच्या त्या मुलीला याची माहिती कुणी दिली नव्हती. गणितात त्र्याऐंशी मिळवणाऱ्या मुलीचे हे बारा हजार केवळ एका सूचनेअभावी गेले. तुमच्या मोहल्ल्यात आठवीत कोण आहे ते आजच आठवा आणि त्यांना शाळेत चौकशी करायला सांगा.

राहिली ती यादी. यंदाही ती लागली आहे, यंदाही काही नावे रेषेच्या खाली आहेत. मुलाचे नाव तिच्यात नसेल तर घरी रागावण्याआधी एकदा शाळेत या. आठवीचे गुण बरोबर आणा, आणि मूल कोणत्या विषयात रमते ते आम्हाला सांगा, कारण ते यादीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असते. आणि मुलीची शाळा का थांबू शकते, याची खरी भीती मनात असेल तर तीही सांगा. त्या अम्मींनी ती सांगितली म्हणूनच आम्हाला कळले की त्या मुलीला वर्गात कुठे बसवायचे याइतकेच तिला परतीचा रस्ता उघडा ठेवणेही गरजेचे होते. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकांच्या खोलीत असतो.